ऐंशी वर्षांची दोस्ती, तरी व्हिसा लागलाच! कॅनडा आणि मेक्सिकोचं प्रकरण नेमकं काय?

दोन देशांची दोस्ती असली की त्यांच्या माणसांचं येणंजाणं सोपं होतं, आणि भांडण झालं की व्हिसा बंद होतो, असं आपण धरून चालतो. बातम्या वाचून तसंच वाटतं. पण व्हिसाचा हिशेब बऱ्याचदा दोस्ती-दुश्मनीवर चालतच नाही. तो चालतो घरच्या आकडेवारीवर, आणि कुणाला कुणाची किती गरज आहे यावर.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे कॅनडा आणि मेक्सिको. दोघांच्या मध्ये अख्खी अमेरिका आहे, त्यामुळं हद्दीचा वाद असण्याचा प्रश्नच नाही. जानेवारी १९४४ मध्ये दोघांचे राजनैतिक संबंध सुरू झाले. १ जानेवारी १९९४ पासून अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको मुक्त व्यापार करारात एकत्र आहेत. तो जुना करार बदलून १ जुलै २०२० पासून नवा लागू झाला, त्यातही तिघं आहेतच. जानेवारी २०२४ मध्ये संबंधांना ८० वर्षं पूर्ण झाली. आणि बरोबर महिन्याभरानं, २९ फेब्रुवारी २०२४ ला, कॅनडानं मेक्सिकोच्या नागरिकांवर व्हिसा लावला. तोही पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा.

प्रकरण आपल्यापासून लांबचं आहे खरं. पण यात शेतमजूर आहेत, टोमॅटो आहेत, जनावरांचा रोग आहे आणि मालाचा सौदाही आहे. शिवाय कॅनडाला पोरं पाठवायची स्वप्नं आता खेड्यातही पोचलीत. म्हणून जरा सविस्तर बघू.

आधी तीन कागद ओळखून घ्या

परदेशी जायचं म्हटलं की आपल्याकडं सगळ्याच कागदाला 'व्हिसा' म्हणतात. कॅनडाच्या बाबतीत तीन वेगळे कागद आहेत.

पहिला ईटीए. हा विमानानं येणाऱ्यासाठीचा ऑनलाइन परवाना. ज्या देशांना व्हिसा माफ आहे त्यांच्या लोकांनी तो काढायचा. फी ७ कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले चार-साडेचारशे रुपये. बहुतेकांचं काम मोबाईलवर थोड्या वेळात होतं आणि एकदा काढला की पाच वर्षं चालतो, मध्येच पासपोर्टची मुदत संपली तर मात्र तेवढाच.

दुसरा पाहुणा म्हणून जायचा व्हिसा. फी १०० डॉलर. बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे त्याचे आणखी ८५ डॉलर. आपल्या हिशेबानं दोन्ही मिळून अकरा हजारांच्या घरात. शिवाय बँकेचा हिशेब दाखवा, नोकरी-शेती-घरदार दाखवा, परत येणार याची खात्री पटवा. एवढं करून नाही म्हणाले तर पैसे गेले.

तिसरा वर्क परमिट. काम करायचं असेल तर हा लागतोच. पहिल्या दोन कागदांवर कुणाला मजुरी करता येत नाही.

आता मेक्सिकोच्या माणसाचं बघा. एकाच पिढीत तो आधी व्हिसाशिवाय, मग व्हिसावर, मग ७ डॉलरच्या ईटीएवर, आणि परत व्हिसावर असा तीनदा फिरला. दोन देशांचं भांडण मात्र एकदाही झालं नव्हतं.

जुलै २००९ : आज घोषणा, उद्यापासून व्हिसा

पहिला दणका १३ जुलै २००९ ला बसला. कॅनडात तेव्हा स्टीफन हार्पर पंतप्रधान होते आणि जेसन केनी स्थलांतर मंत्री. मेक्सिकोच्या लोकांना उद्यापासून व्हिसा लागेल, असं त्यांनी जाहीर केलं. १४ जुलैपासून नियम लागूही झाला. उन्हाळ्याच्या सुट्टीचे दिवस, लोकांनी तिकिटं काढून ठेवलेली. मेक्सिको सिटीत कॅनडाच्या दूतावासासमोर रांगा लागल्या.

कारण काय सांगितलं? आश्रयाचे अर्ज. म्हणजे मेक्सिकोहून विमानानं यायचं, कॅनडात उतरायचं आणि 'मायदेशी माझ्या जिवाला धोका आहे, मला इथं राहू द्या' असा अर्ज करायचा. २००५ पासून असे अर्ज जवळपास तिप्पट झाले होते. २००८ मध्ये एकट्या मेक्सिकोतून ९,४०० च्या वर अर्ज आले. कॅनडात आलेल्या सगळ्या अर्जांतला हा पाव हिस्सा. आणि तपासलेल्या अर्जांपैकी मंजूर झाले फक्त ११ टक्के.

कॅनडाचं सरकार म्हणालं, बाकीचे लोक खऱ्या गरजवंतांची रांग अडवून बसलेत. मेक्सिको म्हणालं, मोजक्या लोकांच्या अर्जापायी आमच्या सगळ्या नागरिकांना का शिक्षा?

विशेष म्हणजे पुढच्याच महिन्यात हार्पर यांनी स्वतःच्याच देशाच्या आश्रय कायद्याकडं बोट दाखवलं. चूक मेक्सिकोच्या सरकारची नाही, आमच्या कायद्यात ढिलाई आहे, असा त्यांचा सूर होता. म्हणजे दुखणं घरचं आणि औषध शेजाऱ्याला.

मग कायदा बदलायचा सोडून व्हिसा का?

सगळ्या प्रकरणाची किल्ली इथं आहे. नीट समजून घ्या.

जिवाच्या भीतीनं आलेल्याला तपासणी न करता परत धाडायचं नाही, असं १९५१ च्या जिनिव्हा करारानुसार बहुतेक देशांनी मान्य केलंय. कॅनडात तर त्याच्या पुढची पायरी आहे. १९८५ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 'सिंग' नावाच्या खटल्यात निकाल दिला. आश्रय मागणारा माणूस खरं बोलतोय का खोटं, हे ठरवायचं असेल तर नुसते कागद बघून चालणार नाही, त्याला समोर बसवून त्याचं म्हणणं ऐकावं लागेल. या खटल्यातले बहुतेक अर्जदार भारतातून गेलेले शीख होते. कॅनडात दरवर्षी ४ एप्रिलला शरणार्थींच्या हक्कांचा दिवस पाळतात, तो याच निकालाची तारीख धरून.

याचा अर्थ काय? माणसाचा पाय एकदा कॅनडाच्या भुईला लागला की कायदा त्याच्या बाजूनं उभा राहतो. सुनावणी होईपर्यंत त्याला ठेवायचं, दवाखाना बघायचा, लेकरांना शाळेत घ्यायचं. अर्जांचा ढीग वाढला की सुनावणीला वर्षं लागतात.

व्हिसा मात्र पाय टेकायच्या आधीच अडवतो. व्हिसा नसलेल्याला विमान कंपनी चढूच देत नाही, कारण अशा माणसाला नेलं तर त्याला परत आणायचा खर्च आणि दंड कंपनीच्या डोक्यावर बसतो. म्हणजे कॅनडाच्या हद्दीचा पहारा कॅनडात नसून मेक्सिको सिटीच्या विमानतळावर, तिकीट तपासणाऱ्या पोरीच्या काउंटरवर आहे. तिथं ना न्यायालय, ना सुनावणी.

कायदा बदलायचा तर संसद लागते, वाद होतात, कोर्टकज्जे होतात. व्हिसा लावायला सरकारचा एक आदेश पुरतो. म्हणून सरकारं आधी व्हिसाला हात घालतात. कॅनडानं पुढं २०१० आणि २०१२ मध्ये आश्रयाचे कायदे कडक केलेच. फेब्रुवारी २०१३ मध्ये 'सुरक्षित देशां'ची जी यादी होती तिच्यात मेक्सिकोलाही घातलं. तुमचा देश सुरक्षित आहे, तेव्हा तुमचे अर्ज झटपट निकाली काढू, असा त्याचा अर्थ. एवढं झाल्यावर तरी व्हिसा उठायला पाहिजे होता. उठला नाही. आणखी जवळपास चार वर्षं तसाच राहिला.

मेक्सिकोनं जशास तसं का केलं नाही?

व्हिसाच्या बाबतीत जगात 'जशास तसे'ची रीत आहे. तुम्ही आमच्यावर लावला, आम्ही तुमच्यावर. मग मेक्सिकोनं कॅनडाच्या लोकांवर व्हिसा का लावला नाही?

उत्तर समुद्रकिनाऱ्यावर आहे. कॅनडातला हिवाळा बर्फाचा. थंडी पडली की तिथले लोक कानकून, पोर्तो वायार्ता अशा मेक्सिकोच्या किनाऱ्यांवर उतरतात. अलीकडच्या वर्षांत हा आकडा वीस लाखांच्या आसपास आणि वरही गेलाय. त्यांच्यावर हॉटेलवाले, टॅक्सीवाले, मासे विकणारे, सगळ्यांचं पोट आहे. मेक्सिकोनं व्हिसा लावला असता तर हे गिऱ्हाईक शेजारच्या क्युबाला किंवा डॉमिनिकन रिपब्लिकला गेलं असतं. नुकसान कुणाचं?

म्हणून २००९ मध्ये मेक्सिकोनं मधला मार्ग काढला. सामान्य पर्यटकाला हात लावला नाही. फक्त कॅनडाच्या राजनैतिक आणि सरकारी पासपोर्टवाल्यांना, म्हणजे अधिकाऱ्यांना आणि राजदूतांना, व्हिसा सक्तीचा केला. नाराजी दाखवली, पण खिशाला झळ लागू दिली नाही. ज्याला माल विकायचाय त्याला फार ताठ राहता येत नाही, हे बाजार समितीत उभं राहिलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

त्याच दिवशी कॅनडानं युरोपातल्या चेक प्रजासत्ताकावरही व्हिसा लावला होता, तिथून येणाऱ्या रोमा समाजाच्या आश्रय अर्जांमुळं. चेक सरकारनं आपला राजदूत चर्चेसाठी माघारी बोलावला. त्यांच्या पाठीशी युरोपियन युनियनही होती आणि कॅनडाला युनियनशी मोठा व्यापार करार करायचा होता. चेक लोकांचा व्हिसा नोव्हेंबर २०१३ मध्ये उठला. मेक्सिकोला मात्र डिसेंबर २०१६ उजाडला. एकट्याचं आणि गटाचं वजन यात फरक पडतो तो असा.

२०१६ : व्हिसाच्या बदल्यात मांसाची बाजारपेठ

सात वर्षं मेक्सिकोचे नेते प्रत्येक भेटीत हा विषय काढत राहिले. राष्ट्राध्यक्ष फेलिपे काल्देरोन २०१० मध्ये ओटावाला गेले, तेव्हा कॅनडाच्या संसदेसमोरच्या भाषणातही हा मुद्दा होता. काही हललं नाही.

ऑक्टोबर २०१५ मध्ये कॅनडात सरकार बदललं. जस्टिन ट्रुडो यांनी निवडणुकीतच व्हिसा उठवायचं वचन दिलं होतं. जून २०१६ मध्ये मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष एन्रिके पेन्या निएतो ओटावाला आले आणि २८ जूनला दोघांनी मिळून घोषणा केली : १ डिसेंबर २०१६ पासून व्हिसा बंद, ७ डॉलरचा ईटीए पुरे.

पण त्याच दिवशी दुसरी घोषणाही झाली, तिच्याकडं शेतकऱ्यानं बघायला पाहिजे. कॅनडात २००३ मध्ये जनावरांमध्ये 'मॅड काऊ' रोग सापडला होता. तेव्हापासून तिथल्या गोमांसावर अनेक देशांनी बंधनं घातली. मेक्सिकोनं नंतर कमी वयाच्या जनावरांचं मांस घ्यायला सुरुवात केली, पण ३० महिन्यांवरच्या जनावरांच्या मांसाला दार बंदच होतं. ते दार ऑक्टोबर २०१६ पासून पूर्ण उघडायचं मेक्सिकोनं कबूल केलं.

एका हातानं व्हिसा, दुसऱ्या हातानं बाजारपेठ. दोन विषयांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, तरी ते एकाच टेबलावर सुटले. कॅनडातल्या जनावरं पाळणाऱ्या शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळालं आणि मेक्सिकोच्या माणसाला तिकीट. सरकारं ज्याला 'संबंध सुधारले' म्हणतात, त्यात असली देवाणघेवाण बरीच असते.

फेब्रुवारी २०२४ : गाडी पुन्हा तिथंच

व्हिसा उठला तेव्हा मेक्सिकोतून येणारे आश्रयाचे अर्ज वर्षाला काही शेच होते. नंतर ते वाढत गेले. मधल्या कोरोनाच्या काळात प्रवास थांबला म्हणून कमी झाले, नंतर एकदम उसळले. २०२३ मध्ये हा आकडा २४ हजारांच्या जवळ पोचला. कॅनडातल्या एकूण अर्जांच्या १७ टक्के. त्यातले ६० टक्क्यांच्या आसपास अर्ज फेटाळले गेले, मागं घेतले गेले किंवा अर्जदारांनी अर्ध्यावर सोडून दिले.

कॅनडात तोवर हवा बदलली होती. घरभाडी गगनाला भिडलेली. क्विबेक प्रांतावर आश्रय मागणाऱ्यांचा जास्त भार पडला होता. तिथले मुख्यमंत्री फ्रांस्वा लगो यांनी जानेवारी २०२४ मध्ये ट्रुडोंना पत्र लिहून उपाय करा म्हणून सांगितलं. दुसरीकडं अमेरिकेचाही दबाव होता. मेक्सिकोच्या माणसाला अमेरिकेचा व्हिसा मिळणं अवघड. म्हणून काही जण व्हिसाशिवाय विमानानं कॅनडात उतरायचे आणि उत्तरेकडून गुपचूप अमेरिकेत शिरायचे. उलटा वळसा, पण चालायचा.

शेवटी स्थलांतर मंत्री मार्क मिलर यांनी २९ फेब्रुवारीला व्हिसा जाहीर केला आणि त्याच रात्री साडेअकराला तो लागू झाला. आपल्याकडं तेव्हा १ मार्चचे सकाळचे दहा वाजले होते. आधीचे ईटीए रद्द झाले. ज्यांच्याकडं चालू वर्क परमिट किंवा शिक्षणाचं परमिट होतं, त्यांचे तेवढे राहिले.

या वेळी एक पळवाट मुद्दाम ठेवली. ज्याच्याकडं अमेरिकेचा चालू व्हिसा आहे, किंवा ज्याला गेल्या दहा वर्षांत कॅनडाचा व्हिसा मिळालेला आहे, त्यानं विमानानं यावं, त्याला ईटीए चालेल.

मेक्सिकोचे राष्ट्राध्यक्ष लोपेझ ओब्राडोर यांनी जाहीर नाराजी दाखवली. कॅनडात भरणाऱ्या तीन देशांच्या नेत्यांच्या परिषदेला जायचं की नाही ते बघू, असं सुनावलं. जशास तसं करायचा हक्क राखून ठेवतो, असं परराष्ट्र खात्यानं म्हटलं. पण कॅनडाच्या पर्यटकाला याही वेळी व्हिसा लागला नाही. कारण तेच, किनाऱ्यावरचं गिऱ्हाईक.

शेतमजुराचं दार कधीच बंद झालं नाही

एवढ्या सगळ्या उलथापालथीत एक दार कायम उघडं राहिलं. ते शेतमजुरांचं.

कॅनडाचा हंगामी शेतमजूर कार्यक्रम १९६६ मध्ये जमैकापासून सुरू झाला. १९७४ मध्ये मेक्सिको त्यात आला. पहिल्या वर्षी दोनशेच्या आसपास माणसं गेली. आता दरवर्षी पंचवीस हजारांच्या घरात जातात. १ जानेवारी ते १५ डिसेंबर या काळात जास्तीत जास्त आठ महिने काम करायचं आणि परत यायचं. टोमॅटो, काकडी, सफरचंद, द्राक्षं, तंबाखू, भाजीपाला अशी कामं. ओंटॅरिओ प्रांतात लेमिंग्टन नावाचं छोटं शहर आहे. आजूबाजूला मैलोन्‌मैल ग्रीनहाऊस. तिथं मेक्सिकन मजूर एवढे की मेक्सिकोनं त्या लहानशा गावात आपलं वाणिज्य दूतावासाचं कार्यालयच उघडलंय.

मजूर निवडायचं काम मेक्सिकोचं श्रम खातं करतं, मधे मुकादम नाही. शेतीचा अनुभव असलेला आणि मागं घरी बायका-पोरं असलेला माणूस आधी घेतात. कारण उघड आहे, तो परत येतो. राहायची सोय मालकानं करायची. विमानाचं तिकीट मालक काढतो, त्यातला काही भाग बऱ्याच प्रांतांत मजुरीतून कापतो. चांगलं काम केलं तर पुढच्या वर्षी मालक नाव घेऊन बोलावतो.

पण परमिटवर एकाच मालकाचं नाव असतं. मालक वाईट निघाला, राहायची खोली कोंदट निघाली, तर दुसरीकडं जाणं सोपं नाही. तक्रार करावी तर पुढच्या वर्षी बोलावणं न येण्याची भीती. २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी कॅनडात पाहणी करून गेले आणि या हंगामी मजूर योजनांवर त्यांनी गुलामीच्या नव्या प्रकारांचा उल्लेख करत कडक टीका केली. कॅनडा सरकारला ती झोंबली.

मेक्सिकोनं स्वतःचं वजन वापरल्याचं एक उदाहरण मात्र इथलंच आहे. जून २०२० मध्ये ओंटॅरिओतल्या शेतांवर कोरोना पसरला आणि मेक्सिकन मजूर दगावले. तेव्हा मेक्सिकोनं मजूर पाठवणं काही दिवस थांबवलं. ऐन हंगाम होता. कॅनडानं तपासणी आणि देखरेख वाढवायचं कबूल केलं आणि आठवड्याभरातच पाठवणी परत सुरू झाली. पर्यटकांच्या बाबतीत मेक्सिको गरजू होता. मजुरांच्या बाबतीत कॅनडा गरजू निघाला. ताण द्यायची ताकद कुणाकडं, हे त्या त्या वेळी गरज कुणाला जास्त, यावर ठरतं.

२०२४ नंतर नव्यानं जाणाऱ्या मजुराला व्हिसाचे सोपस्कार वाढले, पण कार्यक्रम थांबला नाही. हात हवे असतात, माणूस राहायला नको असतो. ऊसतोडीच्या फडावर वर्षं काढलेल्यांना हे नवीन नाही.

मग अडकलं कोण?

अमेरिकेचा व्हिसा कुणाकडं असतो? शहरातला नोकरदार, व्यापारी, बँकेत पैसा असलेला. त्याचं कॅनडाला जाणं आजही सोपं आहे. मजुराची वेगळी योजना आहे. राहिला कोण? खंडणीखोर टोळीनं दुकान बंद पाडलं, पोरगा पळवायची धमकी दिली, अशा गावातला साधा माणूस. त्याच्याकडं ना बँकेचा हिशेब, ना अमेरिकेचा व्हिसा.

६० टक्के अर्ज बाद झाले किंवा सोडून दिले गेले, हे खरं. पण मग उरलेल्यांचं काय? त्यांतल्या अनेकांची भीती सुनावणीत खरी ठरली असती. ते लोक आता सुनावणीपर्यंत पोचतच नाहीत. व्हिसा खोट्याला अडवतो तसा खऱ्यालाही अडवतो, कारण काउंटरवर कागद बघतात, माणूस ऐकून घेत नाहीत. पुढच्या वर्षी अर्जांचा आकडा खाली येतो आणि उपाय लागू पडला असं सांगता येतं. आकडा खाली आला म्हणजे धोका कमी झाला असं मात्र नाही.

आपल्याकडचा २०२३ चा प्रकार वेगळा होता

आता काही जण म्हणतील, कॅनडा आणि भारताचंही व्हिसावरून वाजलं होतं. बरोबर. पण ते प्रकरण वेगळ्या जातीचं. सप्टेंबर २०२३ मध्ये ट्रुडोंनी संसदेत भारतावर गंभीर आरोप केला, भारतानं तो फेटाळला. २१ सप्टेंबरला भारतानं कॅनडाच्या नागरिकांना व्हिसा देणं थांबवलं. कारण सांगितलं आपल्या कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेचं. ऑक्टोबरमध्ये कॅनडाला आपले ४१ राजनैतिक अधिकारी भारतातून काढून घ्यावे लागले. मुंबई, चंदीगड आणि बंगळुरूच्या त्यांच्या कार्यालयांत लोकांची समोरासमोर होणारी कामं थांबली. २६ ऑक्टोबरपासून भारतानं काही प्रकारचे व्हिसा पुन्हा सुरू केले, २२ नोव्हेंबरपासून ई-व्हिसाही.

तिथं व्हिसा हे भांडणातलं हत्यार होतं. मेक्सिकोच्या बाबतीत भांडण नव्हतंच, व्हिसा हे घरच्या गर्दीवरचं झाकण होतं. भांडणातला व्हिसा दोन महिन्यांत सुटायला लागला. झाकणाचा व्हिसा सात वर्षं राहिला. कारण भांडण दोघांत मिटवता येतं, झाकण मात्र ज्यानं लावलं त्यालाच काढावं लागतं, आणि त्यासाठी त्याला काहीतरी मिळावं लागतं.

आपल्या वाचकांसाठी दोन-तीन कामाच्या गोष्टी

एक. कॅनडाचा तो हंगामी शेतमजूर कार्यक्रम फक्त मेक्सिको आणि कॅरिबियन बेटांवरच्या ठरावीक देशांसाठी आहे. भारत त्यात नाही. 'त्या योजनेत तुमचं नाव घालतो' असं कुणी सांगून पैसे मागितले तर समजा फसवणूक आहे.

दोन. कॅनडात शेतीकामासाठी इतर देशांतूनही माणसं घेता येतात, त्याची योजना वेगळी. पण तिथं आधी मालकाला सरकारकडून मंजुरी आणावी लागते आणि तिचा खर्च मजुराकडून वसूल करायला बंदी आहे. मालकाची मंजुरी आणि करार हातात आल्याशिवाय कुणाला पैसे देऊ नका. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणारा एजंट केंद्र सरकारकडं नोंदवलेला पाहिजे. ही नोंदणी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर बघता येते. जमीन गहाण टाकायच्या आधी तेवढं दहा मिनिटांचं काम करा.

तीन. पाहुण्याच्या व्हिसावर जा, तिथं गेल्यावर आश्रयाचा अर्ज कर, असा सल्ला देणारेही भेटतात. मेक्सिकोच्या लोकांचं काय झालं ते वर वाचलंत. खोटा अर्ज बाद होतो, पैसा जातो, पुन्हा जायचं दार बंद होतं. आणि असे अर्ज वाढले की शिक्षा मागून येणाऱ्या सगळ्यांना होते, खऱ्या विद्यार्थ्याला आणि लेकीच्या बाळंतपणाला जाणाऱ्या आईलासुद्धा.

पुढं काय?

सप्टेंबर २०२५ मध्ये कॅनडाचे नवे पंतप्रधान मार्क कार्नी मेक्सिको सिटीला गेले आणि राष्ट्राध्यक्ष क्लाउडिया शेनबॉम यांना भेटले. अमेरिकेनं दोघांवर आयात कराचा बडगा उगारला होता, त्यामुळं दोघांनाही एकमेकांची आठवण झाली. बंदरं, रेल्वे, शेतमाल, व्यापार अशा बऱ्याच गोष्टींत भागीदारी ठरली. व्हिसा उठवायची घोषणा मात्र त्या भेटीत झाली नाही.

तिन्ही देशांच्या व्यापार करारात १ जुलै २०२६ ही आढाव्याची तारीख लिहूनच ठेवलीय. मागच्या वेळी व्हिसाबरोबर मांसाचा सौदा झाला होता. या वेळी टेबलावर काय ठेवलं जातं, ते बघायला पाहिजे. 'दोस्ती घट्ट झाली' असं नेते म्हणाले की मेक्सिकोतल्या एखाद्या लहान गावातला माणूस विचारील, माझं ७ डॉलरचं तिकीट परत मिळालं का? दोस्ती किती खरी, हे त्याच्या प्रश्नाच्या उत्तरावरून ठरेल.